गाडी कोण चालवत होतं

दादा गेला त्याला सोळा दिवस झाले होते आणि त्याच्या दोन खोल्या महिनाअखेरीपर्यंत रिकाम्या करून द्यायच्या होत्या. घरमालकाचं पत्र तसं सभ्य होतं. दुःख वगैरे व्यक्त करून झाल्यावर शेवटच्या ओळीत तारीख होती. म्हणून ताई आणि बारक्या ही दोघं भावंडं आयुष्यात पहिल्यांदा परदेशात उतरली, ती भावाचं सामान उपसायला.

बारक्या आता नावालाच बारक्या राहिला होता. चव्वेचाळीस वर्षांचा, सहा फूट उंच, पुढून केस गेलेला, औषधांच्या गोदामात सुपरवायझर. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी आणि उंचीने जेमतेम त्याच्या खांद्याला लागणारी. तिची ड्रायव्हिंग स्कूल होती. बावीस वर्षं ती शिकाऊ माणसांच्या शेजारी बसत आली होती, पायाखाली जादाचा ब्रेक आणि तोंडात एकच पालुपद: "आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे." गावातली अर्धीअधिक माणसं तिच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. बारक्यालाही तिनेच शिकवलं होतं, आणि इतका ढ विद्यार्थी पुन्हा मिळाला नाही, असं ती चारचौघांत सांगायची.

तरीही तिकडे गाडी चालवायची ती बारक्यानेच, असं ठरलं. परदेशात चालणारा परवाना त्याच्याकडे होता. मागे कंपनीच्या कामाने जायचं ठरलं आणि बारगळलं, तेव्हा काढलेला. ताईचा अर्ज कचेरीत कुठल्यातरी टेबलावर अडकून पडला होता.

विमानतळावर भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर एक तरुण मुलगी होती. बारक्याने खिशातून बँकेचं कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं आणि जमेल तशा इंग्रजीत सांगितलं, "इन्शुरन्स नको. या कार्डावर फुल इन्शुरन्स आहे."

अशी गिऱ्हाइकं तिला रोज भेटत असावीत. तिने एक कोरा कागद ओढला आणि त्यावर दोन चौकोन काढले.

"ही तुमची गाडी," पहिल्या चौकोनावर पेन टेकवत ती म्हणाली. "आणि हे बाकीचं जग. तुमचं कार्ड या पहिल्या चौकोनापुरतं. गाडीला पोचा आला, गाडी चोरीला गेली, तर कार्ड भरेल. पण गाडीने कोणाला उडवलं, कोणाची भिंत पाडली, तर कार्ड हात वर करतं. त्याला हा दुसरा विमा लागतो."

"म्हणजे आपलं थर्ड पार्टी," ताई बारक्याला म्हणाली.

"तो थोडासा गाडीबरोबर येतोच, कायद्याने," मुलगी सांगत होती. "पण थोडासाच. एखाद्याला जन्माचं अधूपण आलं, तर तेवढ्यात त्याच्या ऑपरेशनचंसुद्धा भागत नाही. वाढवून घ्यायचा असेल तर इथे सही करा."

बारक्या मराठीत पुटपुटला, "ताई, ही सगळी यांची विकायची युक्ती असते."

"असू दे. पत्र्याला विमा आहे म्हणून छाती फुगवून सांगतोयस, आणि माणसाला नको? वाढवून घे."

बारक्याने सही केली. मुलीने विचारलं, आणखी कोणी चालवणार आहे का. ताईने नकारार्थी मान हलवली. "मग एक लक्षात ठेवा," मुलगी म्हणाली, "ज्याचं नाव इथे आहे त्यानेच चालवली, तर हा कागद. दुसऱ्या कोणी चालवली, तर ही रद्दी."

"मला शेजारी बसायचीच सवय आहे," ताई म्हणाली, आणि तिघंही हसली.

दादाच्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. शीतगृहात नोंदी ठेवायची नोकरी, लग्न केलं नाही, बारा वर्षांत दोनदा घरी आला. स्वयंपाकघरात एकच पातेलं, एकच ताट, पण पेले मात्र सहा. ते कोणासाठी आणले असतील, या विचाराने ताईला ओट्यापाशी उभ्या उभ्या रडू आलं. बारक्या कपाटातले शर्ट घडी न मोडता खोक्यात भरत होता. एका शर्टाच्या खिशात केस कापायच्या दुकानाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी सापडली. ती टाकून द्यावी की ठेवावी, यावर दोघांचा पाव तास गेला.

खोकी भरायची, गाडीत रचायची, काही जुन्या सामानाच्या केंद्रावर, काही कचरा डेपोवर. चार दिवस बारक्या गाडी चालवत होता. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायच्या, स्टिअरिंग डावीकडे. बारक्या घाबरून, पुटपुटत, प्रत्येक चौकात थांबून चालवायचा. मागचे हॉर्न वाजवून थकायचे. पण चार दिवसांत त्याची एकही चूक झाली नाही. ताई शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत राहायची.

पाचव्या दिवशी दुपारी डेपोवरून परतताना बारक्याने एकदम गाडी कडेला घेतली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. कानाचं त्याचं जुनंच दुखणं होतं. आलं की सगळं गरगरायचं.

"डोळे मीट. पाणी पी," ताई म्हणाली.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. त्याने दार उघडून दोनदा उलटी केली. बाहेर रणरणतं ऊन, दोन्ही बाजूंना गोदामांच्या लांबच लांब भिंती, एक माणूस दिसत नव्हता. खोल्या तिथून सात-आठ मिनिटांवर.

"उतर. मागे आडवा हो," ती म्हणाली.

"ताई, तुझं नाव नाहीये त्यात."

"तुला अशा अवस्थेत चालवू देऊ का? उतर."

तिने सीट पुढे ओढली, आरसे लावले, पट्टा बांधला. सगळं शिकवल्याप्रमाणे. पहिलं वळण नीट घेतलं, दुसरंही. मग गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे ती थांबली. तिने उजवीकडे बघितलं. रस्ता मोकळा होता. बावीस वर्षांत हजारदा जसा पाय क्लचवरून सुटला होता तसाच सुटला, गाडी पुढे गेली, आणि मान डावीकडे वळेपर्यंत डावीकडून आलेली स्कूटर दारासमोर होती. काचेपलीकडे एका माणसाचा चेहरा क्षणभर तिच्याकडे बघत होता. मग आवाज झाला.

माणूस पन्नाशीचा होता. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करणारा; पाठीवरची पिशवी फाटून पाने आणि पकडी रस्ताभर पसरल्या होत्या. हेल्मेटला तडा गेला होता आणि डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. ताई रस्त्यावर गुडघे टेकून बसली, त्याचं डोकं हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणत होता, तेच तेच. ती मराठीत म्हणत होती, "हलू नका, हलू नका दादा."

तेवढ्यात मागे खर्रकन आवाज झाला. तिने वळून पाहिलं. बारक्या उघड्या दारातून वाकून ड्रायव्हरची सीट मागे सरकवत होता. आपल्या मापाला. मग आरसा.

"बारक्या!"

तो धडपडत तिच्याजवळ आला, तिच्या खांद्याला धरून उभा राहिला. "मी चालवत होतो," तो म्हणाला. "तू काही बोलू नकोस. तुझं नाव निघालं तर या माणसाला काही मिळायचं नाही. कळतंय का तुला? याला."

एका गोदामातून दोघं जण धावत आले, मग रुग्णवाहिका, मग पोलीस. पोलिसाने परवाना मागितला, बारक्याने दिला. दारू प्यायलाय का हे बघायच्या नळीत बारक्याने फुंकर मारली. कानाच्या दुखण्याबद्दल तो बोलला नाही. ताईला कोणी काही विचारलंच नाही. तिच्या बाह्यांना रक्त लागलं होतं, एका पोलीस बाईने तिला पाण्याची बाटली दिली आणि सावलीत बसवलं.

रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी सकाळी ताई एकटीच बस पकडून विमानतळावर गेली. काउंटरवर तीच मुलगी होती. ताईने शब्द जुळवत विचारलं: समजा, नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली आणि कोणी जखमी झालं, तर त्या जखमी माणसाचं काय होतं?

"वाढवून घेतलेला विमा रद्द. कायद्याने येतो तेवढा थोडा त्याला मिळतो, तोही भांडून, वर्ष-दोन वर्षांनी. बाकीचं त्याने चालवणाऱ्याकडून वसूल करायचं. चालवणारा जर परदेशी असेल..." ती थांबली. तिने स्क्रीनकडे पाहिलं. अपघाताची नोंद तिच्यासमोर आली असावी. मग ताईकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं. आवाज खाली आणून ती म्हणाली, "बाई, तुम्ही मला हे विचारू नका. मी इथे नोकरी करते. विचारलंत तर मला लिहून ठेवावं लागेल. तुम्ही काही विचारलेलं नाही. हो ना?"

ताई मागच्या गिऱ्हाइकाला वाट करून देत बाजूला झाली.

विमा कंपनीचा तपासनीस खोल्यांवर आला तेव्हा सामान जवळजवळ संपलं होतं. त्याला बसायला खोकं द्यावं लागलं. तो शांतपणे विचारत गेला, बारक्या शांतपणे सांगत गेला. कुठे थांबलो, कुठे बघितलं. "सवयीने उजवीकडे बघितलं," बारक्या म्हणाला, आणि मान खाली घातली. तिची चूक तो इतकी हुबेहूब सांगत होता, की ती आता तिची उरलीच नव्हती. तपासनीस तिच्याकडे वळला. "तुम्ही शेजारी होतात?"

"हो," ताई म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी ती दोघं इस्पितळात गेली. लिफ्टवाल्याची बायको दारातच उभी होती. बारक्याला तिने आत येऊ दिलं नाही. ताईकडे मात्र तिने बघितलं, थोडा विचार केला आणि बाजूला झाली. ज्या बाईने रस्त्यावर नवऱ्याचं डोकं धरून ठेवलं ती हीच, हे तिला कोणीतरी सांगितलेलं होतं.

पाय वाचला होता, सळ्या घालून. लिफ्टवाल्याला इंग्रजी ताईइतकीच येत होती, त्यामुळे दोघांचं बरं जमलं. त्याने खुर्ची दाखवली. रस्त्यावर तुम्ही होतात म्हणून मला धीर आला, असं म्हणाला. मग बायको औषधाचं विचारायला बाहेर गेली, तसं त्याने मान तिच्याकडे वळवली.

"एक विचारू? माझ्या डोळ्यांपुढे सारखं एक चित्र येतं. काचेमागे चेहरा. माझ्याकडे बघणारा. पण तो तुमच्या भावाचा नाही. बाईचा आहे." तो थांबला. "तुमचा आहे. गाडी तुम्ही चालवत होतात का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. घरात हरवलेली वस्तू विचारावी तसं तो विचारत होता. ताईने त्याच्या पायातल्या सळ्यांकडे पाहिलं. पलंगाच्या दांडीला अडकवलेल्या फायलीकडे पाहिलं. हो म्हटलं तर हा माणूस ते पोटात ठेवणार नाही, कोणाला तरी सांगेल, सरळ माणूस दिसतोय. आणि मग हाच उघड्यावर पडेल.

"नाही," ती म्हणाली. "मी शेजारी होते."

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला. "मग माझ्या डोक्याचंच काहीतरी झालं." आणि डोळे मिटून घेतले.

बारक्याला त्या देशात दंड झाला आणि पाच वर्षं गाडी चालवायची बंदी. घरी परतल्यावर त्याने तो विषय मिटवून टाकला. कोणी विचारलं तर, "माझ्या हातून एक अपघात झाला," एवढंच सांगायचा, आणि सांगता सांगता त्याला ते खरंच वाटायला लागलं की काय, अशी ताईला शंका यायची. दर रविवारी तो तिच्याकडे जेवायला यायचा. एकदा जेवताना तिने विषय काढला, तसा तो म्हणाला, "त्याला पैसे मिळणार ना? तुला तुरुंग नाही ना? मग झालं तर. आणखी काय पाहिजे तुला?"

शिकाऊ मुलांबरोबर तिने गाडीत बसणं बंद केलं. त्यासाठी एक माणूस ठेवला. स्वतः आत बसून फळ्यावर चिन्हं शिकवायची. "आधी उजवीकडे" म्हणायची वेळ आली की तिची जीभ अडखळायची, आणि मुलं माना खाली घालून हसायची.

आठ महिन्यांनी तपासनीसाचं पत्र आलं, बारक्याच्या नावाने. दावा मंजूर झाला होता, पूर्ण. पत्रात नुकसानीची कारणं दिली होती. पहिलं, पायाला आलेलं अधूपण. दुसरं, डोक्याच्या आघातामुळे स्मरणावर झालेला परिणाम: जखमी व्यक्तीला अपघाताच्या वेळचे, प्रत्यक्षात न घडलेले प्रसंग दिसतात, उंचीवरच्या व धोक्याच्या कामास अपात्र.

बारक्या म्हणाला, "बघ, पूर्ण मिळाले." ताईने पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि ताटावरून उठली.

इस्पितळात लिफ्टवाल्याच्या बायकोने तिला नंबर दिला होता. ताईने तिला निरोप पाठवला: कसे आहेत? दोन दिवसांनी उत्तर आलं. चालतात, काठीने. कंपनी खाली बसून करायचं काम द्यायला तयार होती, पण त्यांनीच नाही म्हटलं. आता कशाचाच भरवसा वाटत नाही त्यांना. गॅस बंद केला का, हे चारदा बघतात. दार लावल्याचं आठवतं, आणि तरी उठून जातात, कारण आठवतं ते खरं असेलच असं नाही, असं म्हणतात. एकोणतीस वर्षं लिफ्टच्या पोकळीत उभं राहून काम केलं त्यांनी.

तीन आठवडे ताईने ते कोणाला सांगितलं नाही. मग एका दुपारी वर्ग सुटल्यावर दार लावून घेतलं आणि फोन केला. बायकोने उचलला, त्याच्याकडे दिला.

"मी बोलतेय," ताई म्हणाली. "तुमचं डोकं चांगलं आहे. तुम्हाला दिसलं ते बरोबर होतं. गाडी मी चालवत होते. विमा माझ्या नावावर नव्हता. तुम्हाला पैसे मिळावेत म्हणून भावाने स्वतःवर घेतलं, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले."

फोन कट झाला असं वाटून तिने कानापासून काढून बघितला.

"मला माहीत होतं," तो अखेर म्हणाला. शब्द शोधत, सावकाश. "मी स्वतः बघितलं होतं. पण रस्त्यावर तुम्ही माझं डोकं धरलं होतंत. तुम्ही नाही म्हणालात. मी माझ्या डोळ्यांपेक्षा तुमचं खरं मानलं."

"मला माफ करा," ती म्हणाली.

"पैसे परत मागतील का आता?"

"तुम्ही कोणाला सांगितलंत तर मागू शकतील. मी सांगणार नाही."

"म्हणजे आता मीही खोटं बोलायचं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्याच्या बायकोचा निरोप आला. पुन्हा फोन करू नका. ते जेवले नाहीत.

रविवारी तिने बारक्याला सांगितलं. तो चिडेल असं तिला वाटलं होतं, पण त्याने शांतपणे हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, "त्याच्यासाठी केलंस की स्वतःसाठी?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

"मी माझ्या अंगावर घेतलं होतं ना," तो म्हणाला. "मग ते माझं होतं. ते त्याच्या गळ्यात टाकायचा तुला काय अधिकार?" तो हात धुऊन गेला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फोनवर बोलायचा, औषधपाणी विचारायचा, पण यायचं टाळायचा.

वर्ष गेलं. विमा कंपनीकडून काहीही आलं नाही, म्हणजे लिफ्टवाला गप्प राहिला होता. सरळ माणसाला ते कसं जमलं असेल, आणि गॅस आता तो कितीदा तपासत असेल, याचा ताई विचार करायची. विचारायला कोणी नव्हतं. तिने त्या बायकोचा नंबर फोनमध्ये तसाच ठेवला होता, आणि तो कधी लावला नाही.